मीखाचा वाटा

शास्त्रपाठ : 2 शमुवेल, अध्याय 9



लढाईने पंगू केलेल्या एका मनुष्याची कथा पवित्र शास्त्रात आहे. ती आपण पुष्कळदा वाचितो. पण त्या कथेत एक लहान मूलही आहे, त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शौल राजा व त्याचा पुत्र योनाथान रणात पडले, ही बातमी आली तेव्हा योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली. त्या घाईत तो खाली पडला आणि दोन्ही पायांनी जन्माचा अधू झाला. पुढे तो लो-दबार येथे परक्याच्या घरी आश्रयाने राहिला. तेथून दावीद राजाने त्याला बोलावून आणिले व त्याच्यावर दोन प्रकारे दया केली. त्याला आपल्या पंक्तीस कायमचे स्थान दिले, आणि त्याच्या आजोबांची शेतजमीन त्यास परत दिली. सीबा नावाच्या जुन्या चाकराने आपले पंधरा मुलगे व वीस नोकर घेऊन ती कसावी व तिचे पीक घरी आणावे, असेही राजाने ठरवून दिले.

ज्याचे पान रोज राजाच्या पंक्तीस मांडिले जाते, त्यास शेत कशाला पाहिजे? शास्त्र ह्याचे कारण उघड सांगत नाही. पण बाराव्या वचनात एक लहानशी गोष्ट नमूद करिते, की मफीबोशेथाला मीखा नावाचा एक लहान मुलगा होता. आम्हांस वाटते, उत्तर तेथेच आहे. बापाची भूक राजवाड्यात भागली तरी घरी मीखा होता. जे शेत परत मिळाले ते पंगू मनुष्याच्या एकट्याच्या ताटासाठी नव्हते. त्यात मीखाचा वाटा होता.

ह्या वाट्याविषयी आज बोलावयाचे आहे, कारण आपला मुलूख शिपायांचा आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावास लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामास आले. सांगलीचीही गोष्ट निराळी नाही. 1949 साली सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा करून दक्षिण सातारा जिल्हा केला गेला, व 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले तरी सोयरीक एकच राहिली. कोरेगाव, खटाव, तासगाव, मिरज ह्या तालुक्यांतून मुली देणे-घेणे चालतच आहे.

जो शिपाई वीरगतीस जातो त्याचा मान कसा करावा हे आपल्या गावांस ठाऊक आहे. जो नोकरी पुरी करून येतो त्याचे स्वागतही आपण करितो. परंतु तिसरा एक असतो, ज्याला मेडिकल बोर्डाने मुदतीपूर्वी घरी पाठविलेले असते. कोणाचा पाय गेलेला, कोणाची कंबर धरलेली, कोणाचे हृदय कमजोर झालेले, कोणाला झोप येत नाही व कोणाशी बोलवत नाही. त्याच्याशी काय बोलावे हे गावास समजत नाही. कित्येकदा घर मोडते. पत्नी माहेरी जाते, मूल तिच्याबरोबर जाते, आणि मग प्रश्न उभा राहतो की, ह्या मुलाचे पोषण कोणी करावे?

उदाहरणादाखल असे समजू या, की कोरेगावाकडचा एक नाईक चौदा वर्षांच्या नोकरीनंतर पाठीच्या दुखापतीने घरी आला. पत्नी तासगावास आईवडिलांकडे आहे. तिच्यापाशी सात वर्षांची मुलगी आहे. तो नोकरीत होता तोवर मुलीस दरमहा काही पोचत होते. जवानाचा पगार दिवाणी न्यायालयाच्या हुकुमाने जप्त होत नाही. पण 1950 सालच्या आर्मी ॲक्टच्या 91 व्या कलमाने त्याच्या पगारातून पत्नीच्या व मुलाच्या पोषणासाठी रक्कम कापिता येते, मग ते मूल विवाहातील असो वा विवाहाबाहेरचे. 2001 सालच्या सैन्यादेशात ह्याची मर्यादा पत्नीस 22 टक्के, प्रत्येक मुलास 5.5 टक्के आणि सर्व मिळून 33 टक्के अशी ठरविली होती. परंतु मनुष्य सैन्यातून मुक्त झाला की पगार संपतो, आणि पगाराबरोबर कपातही संपते. वरिष्ठांचा हुकूम संपला. मुलीची भूक मात्र संपली नाही. त्या महिन्यापासून तिचे पोषण बापाच्या मनावर व न्यायालयाच्या हुकुमावर येऊन ठरते.

अशा वेळी बापाच्या तोंडी तीन सबबी येतात. प्रत्येकीत थोडे सत्य आहे, म्हणून त्यांचा आदराने विचार केला पाहिजे.

पहिली सबब ही, की, "मी आपले शरीर देशास दिले; आता माझ्यापाशी आणखी काही मागू नका." बंधूंनो, हे वाक्य हलके नाही. ज्याने हाडे मोडून घेतली त्यास हे बोलण्याचा अधिकार आहे, असे आपणांस वाटते. पण मार्काच्या सातव्या अध्यायात आपल्या प्रभूने अशाच एका सबबीचा न्याय केला आहे. त्या काळी काही लोक आपले द्रव्य कुर्बान, म्हणजे देवास अर्पण केलेले, असे म्हणून टाकीत. आणि मग म्हाताऱ्या आईबापांस त्यातून काही देणे लागत नाही, असे ठरवीत. देवाचे नाव पुढे करून घरच्यांचे तोंडचे काढून घेणे प्रभूस मुळीच मान्य झाले नाही. जे देवाच्या नावाने करिता येत नाही, ते देशाच्या नावाने करिता येईल काय? देशास दिलेला पाय हे बापाचे अर्पण होय. मुलीचा घास हे त्याचे अर्पण नव्हे. तो घास त्याचा नव्हताच. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात पौलाने घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी किती कठोर लिहिले आहे, हे आपणांस ठाऊक आहे. त्याने तेथे धडधाकटांस वेगळा व जखमींस वेगळा असा नियम केलेला नाही.

दुसरी सबब, "पेन्शन माझ्या जखमेची आहे, तिला कोर्टसुद्धा हात लावू शकत नाही." हे गावोगाव ऐकू येते. 1871 सालच्या पेन्शन कायद्याच्या 11 व्या कलमाने धनको पेन्शन जप्त करवू शकत नाही, हे खरे आहे, व तो नियम चांगलाही आहे. नाहीतर सावकाराने पुष्कळ शिपायांचे म्हातारपण खाऊन टाकिले असते. पण पत्नी व मूल हे सावकार आहेत काय? 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निर्णय दिला की, ह्या कलमाचा आडोसा पत्नीच्या पोटगीविरुद्ध घेता येणार नाही, आणि पोटगीसाठी पेन्शन जप्त होऊ शकते. तसेच उत्तर प्रदेशातील एका सैनिकाच्या खटल्यात कौटुंबिक न्यायालयाने पत्नीस दरमहा 4,000 रुपये ठरविले होते. त्याने नोकरी सोडली म्हणून उच्च न्यायालयाने ते 2,000 केले. 2015 सालच्या एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा 4,000 कायम केले. तो सैनिक जखमी होऊन आलेला नव्हता, हा भेद आपण विसरू नये. तथापि नोकरी सुटली एवढ्यावरून जबाबदारी सुटत नाही, हे त्यातून स्पष्ट होते. आणि पत्नीविषयी जे खरे, ते अजाण मुलाविषयी अधिकच खरे आहे.

तिसरी सबब, "तिच्या आईने मला दुखविले, मुलीस भेटूही देत नाही, मग मी पैसे का पाठवू?" ह्या दुःखावर मीठ चोळावे असे आम्हांस वाटत नाही. भेट अडविणे हा अन्याय आहे, व त्याची दाद न्यायालयात निराळी मागता येते. 1869 सालच्या घटस्फोटाच्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती दांपत्याचा दावा चालला असता न्यायालय मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण ह्या तिन्हींविषयी हुकूम करू शकते. पण पोषण रोखून भेट मिळविणे म्हणजे मुलीस ओलीस ठेवणे होय. आईबापांच्या भांडणात ती पक्षकार नाही. मफीबोशेथाच्या घराण्याचे व दावीदाच्या घराण्याचे किती वैर होते! तरी राजाने ते वैर मीखाच्या ताटापर्यंत जाऊ दिले नाही.

आता, ज्या बापाची खरोखर शक्ती नाही त्याने काय करावे? त्याच्यासाठी शास्त्रात दया आहे आणि कायद्यातही न्याय आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 144 वे कलम पोटगीस लागू आहे. पूर्वी हेच 1973 च्या संहितेत 125 वे, आणि 1898 च्या संहितेत 488 वे कलम होते. 1898 साली दरमहा 50 रुपयांहून अधिक हुकूम होत नसे. 1923 साली ती मर्यादा 100 व 1955 साली 500 झाली. 2001 साली ती सर्वस्वी काढून टाकिली. पण ह्या सर्व काळात एक शर्त कायम राहिली आहे, ती ही की, ज्यापाशी पुरेशी साधने आहेत त्याच्यावरच हुकूम व्हावा. 2020 सालच्या नोव्हेंबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने असे घालून दिले की, दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता व देणी शपथेवर उघड करावी, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. देणाऱ्याचा स्वतःचा वाजवी खर्च व त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे हीही न्यायालय पाहते. तेव्हा औषधोपचाराच्या पावत्या, बोर्डाचे कागद, पेन्शनचा हुकूम हे सर्व घेऊन न्यायालयापुढे उभे राहावे. पूर्वीचा हुकूम आता पेलत नसेल, तर 146 व्या कलमाने रक्कम बदलून मागता येते. रक्कम कमी करून मागणे ह्यात लाज नाही. पण कोणास न सांगता पैसे बंद करणे व पत्ता बदलून बसणे ह्यात मात्र लाज आहे. चुकविलेल्या हप्त्यासाठी तुरुंगाची शिक्षा होऊ शकते. आणि तुरुंग भोगल्याने मुलाचे देणे फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेविले आहे.

पुष्कळांची पेन्शनच अडकलेली असते. दुखणे नोकरीमुळे आले नाही असा शेरा मारून अपंगत्वाची पेन्शन नाकारिली जाते. भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर रोगाची नोंद नव्हती, त्यास तो नोकरीत जडला असे सामान्यतः धरून चालावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली दिला. आणि 2007 च्या कायद्याने स्थापिलेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे एक पीठ मुंबईस आहे. तेथे अवश्य दाद मागावी. पण दावा वर्षानुवर्षे चालतो, आणि मूल रोज जेवते. म्हणून तोवर थोडे का होईना, पण नेमाने पाठवावे. बँकेस एकदा लेखी सांगून ठेविले म्हणजे दरमहा ठरलेल्या तारखेस रक्कम आपोआप जाते. राग आला तरी जाते, विसर पडला तरी जाते. निवृत्तीच्या वेळी जी मोठी रक्कम एकदाच हाती येते, तिच्यातून घराची माडी चढविण्यापूर्वी मुलाचा वाटा बाजूस काढावा. आणि मुलाचे नाव सैन्याच्या दप्तरी नोंदले आहे काय, म्हणजे पार्ट टू ऑर्डर झाली आहे काय, हे पाहावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे दप्तर बेळगावास आहे. बाप उद्या नसला तर ह्याच नोंदीच्या आधारे मुलास कुटुंब-पेन्शन मिळणे सोपे जाते. ती सामान्यतः 25 व्या वर्षापर्यंत, अथवा त्याआधी विवाह होईपर्यंत वा कमाई सुरू होईपर्यंत मिळते. अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या मुलास जन्मभर मिळू शकते.

भगिनींनो, तुम्हांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. कोरेगावच्या पुरुषावर अर्ज करण्यास तासगावच्या बाईने साताऱ्यास खेपा घातल्या पाहिजेत असे नाही. पत्नी जेथे राहते तेथील न्यायालयातही अर्ज चालतो. 1987 च्या कायद्याने स्त्रिया, मुले व अपंग ह्यांस मिळकतीचा विचार न करिता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. म्हणून आईसही वकील मिळेल व जखमी बापासही. थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी वॉरंट मागावयाचे, तर देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. तेव्हा भिडेस्तव स्वस्थ बसू नये. पण त्याबरोबर हेही ध्यानात ठेवा, की स्वतःची कमाई लपवून अधिक मागणे हे त्याच्या लपविण्याइतकेच खोटे आहे. आणि मुलापुढे त्याच्या बापास लंगडा, वेडा, निकामी असे म्हणू नका. दरमहा येणारे पैसे कितीही थोडे असोत, ते कोणी पाठविले हे मुलास सांगा.

शेवटी मंडळीविषयी. राजाने शेत दिले, पण पंगू मनुष्य ते कसू शकत नव्हता. म्हणून सीबा, त्याचे मुलगे व चाकर त्याला नेमून दिले. जखमी शिपायाच्या घरी आपण सीबाचे काम करावयाचे आहे. लेडी विलिंग्डन ह्यांनी 1917 साली मुंबईत अपंग जवानांस धंदे शिकविण्यासाठी शाळा काढिली. ती पुढे खडकीस गेली व क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ह्या नावाने प्रसिद्ध झाली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे, आणि कण्याच्या दुखापतीने पंगू झालेल्या जवानांसाठी खडकीसच 1974 पासून पुनर्वसन केंद्र आहे. सातारा व सांगली येथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. मुलांच्या शिक्षणाच्या मदतीची चौकशी तेथे करिता येते. पण घरात तोंड लपवून बसलेल्या मनुष्यास त्या दारापर्यंत कोण नेणार? मंडळीतील कोणा वडिलांनी त्याच्याबरोबर एस. टी.त बसून जावे. हे काम प्रार्थनेहून हलके नाही.

मात्र सीबाचा उत्तरभागही वाचा. सोळाव्या अध्यायात राजावर संकट आले असता सीबाने धन्यावर तोहमत घालून त्याची सारी जमीन आपल्या नावे करून घेतली. आणि एकोणिसाव्या अध्यायात मफीबोशेथाने आपली बाजू सांगितल्यावरही निम्मीच परत मिळाली. ज्याला शेत सांभाळावयास दिले, त्यानेच ते खाल्ले. आजही जखमी मनुष्याच्या पेन्शनचे पुस्तक व बँकेचे कार्ड भावांच्या हाती असते. त्यातून ट्रॅक्टर येतो, पुतण्याचे लग्न होते, आणि तासगावच्या मुलीची फी राहून जाते. वर तेच भाऊ सांगतात, "तिला काही पाठवू नकोस, ती आपल्याला सोडून गेली." अशा घरी पाळक व वडील जेवावयास जात असतील, तर त्यांनी एकदा हा अध्याय वाचून दाखवावा.

इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, एक लांबलचक वंशावळ आहे. वाचताना आपण ती पाने उलटून जातो. तेथे मफीबोशेथाचे दुसरे नाव मरीब्बाल दिले आहे, आणि त्याचा मुलगा मीखा. मीखापासून पिढ्या चालल्या, आणि शेवटी उलामाचे पुत्र येतात: शूर वीर, धनुर्धारी, पुत्रपौत्रांनी भरलेले, एकंदर दीडशे. जो बाप दोन्ही पायांवर उभा राहू शकत नव्हता, त्याच्या घरी हे धनुर्धारी निपजले. तो लढला नाही, चालला नाही. पण त्याच्या घरी पीक येत राहिले व मीखा वाढला.

बंधूंनो, मेडिकल बोर्ड मनुष्यास सैन्यातून मुक्त करिते. बापपणातून मुक्त करणारे बोर्ड स्वर्गात नाही व पृथ्वीवर नाही. आणि हे ओझे नव्हे, हा मान आहे. ज्याला जगाने निकामी ठरविले, त्याच्यावर देवाने अजून एका लेकराची भाकर सोपविली आहे. ती भाकर लहान असेल, पण ती वेळेवर पोचू द्या.

हे पित्या, जे जखमी होऊन घरी आले त्यांस धीर दे. ज्या माता एकट्या आहेत त्यांचा न्याय कर. आमच्या हाती दुसऱ्याचे शेत असेल तर आम्हांस प्रामाणिक ठेव. आणि आमच्या दोन्ही जिल्ह्यांत कोणत्याही मीखाचे ताट रिकामे राहू देऊ नको. प्रभु येशूच्या नावाने. आमेन.